बाटलीतली गोगलगाय

ती. बाबांना नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत सकाळचं ऊन येतं, जेवणही वेळेवर होतं, असं आईला सांगा. तिचे गुडघे कसे आहेत?

दर महिन्याला कारखान्याच्या पाइपाखालचं नदीचं पाणी भरून तुम्ही आमच्या प्रयोगशाळेत पाठवता ना, ती बाटली काल आली. तळाशी मोहरीएवढी गोगलगाय चालत होती. मी लगेच ओळखली. आपल्या विहिरीतली, नदीत कधीच न सापडणारी! लहानपणी पोहऱ्यात दाखवून तुम्हीच म्हणाला होतात, "ही आहे तोवर पाणी डोळे झाकून प्यावं."

वर्षभर 'नदी स्वच्छ' म्हणून मी सही करतेय. आई फोनवर म्हणाली, नदीवर खंड्या पक्षी हल्ली दिसत नाही, तर मी तिलाच वेड्यात काढलं. दादाची नोकरी त्याच कारखान्यात आहे, हे कळतं मला. पण केसानं गळा कापायला तुम्हाला घरचीच पोर सापडली?

बाटली घेऊन विहिरीवर गेलात, म्हणजे नदी मेल्याचं तुम्हाला माझ्याआधी ठाऊक होतं.

गोगलगाय जिवंत ठेवलीय. रविवारी तिला विहिरीत सोडायला येतेय. मग रिकामी बाटली घेऊन आपण दोघं पाइपापाशी जाऊ.

अजूनही तुमचीच,
ठमी