माउलीच्या वरातीची अमेरिकन गाडी

सोलापूर

आदरणीय बिरप्पा दाजींस, धाकटा मेव्हणा महेश्वर याचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल (असं माझं मत, हिला विचारलेलं नाही). अक्काचा गुडघा, शेळ्या आणि तुम्ही, सगळेच बरे असाल. फोन करत नाही, कारण जेऊरला तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि विषय नाजूक आहे.

तुमच्या चि. माउलीच्या लग्नाच्या वरातीसाठी म्हणालात त्या दोन्ही जुन्या अमेरिकन गाड्या पाहिल्या. एक गॅरेजवाल्या गैबीसाबची इंपाला. दुसरी नवी पेठेतल्या ईरम्माबाईंची प्लायमाऊथ, त्यांच्या मालकांच्या मागे राहिलेली. दोन्हींचं इंजिन पुढे, पण जोर लावायचा मागच्या चाकांनी. (मिरवणारा पुढे आणि राबणारा मागे, ही व्यवस्था मला पहिल्यापासूनच संशयास्पद वाटली.)

पण खरा संशय निराळाच. गैबीसाब म्हणाला, "भाई, तुम प्लायमाऊथ लेव. शरीफ गाडी है." स्वतःची सोडून दुसऱ्याची गाडी कोण वाखाणतो? तसाच ईरम्माबाईंकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, "माजी गाडी म्हातारी हाय वो. इंपालाच न्या की, लई रुबाब हाय तिचा." म्हटलं, दोघांचं आतून काहीतरी शिजतंय.

म्हणून हट्टाने दोन्ही चालवून पाहिल्या. इंपाला नवी पेठेत वळवली, तर तोंड कापडदुकानात शिरलं तरी मागचे पत्र्याचे पंख अजून सराफाच्या दारात. रस्ता तुंबला. एका आजीबाईंनी आत डोकावून मलाच नवरदेव ठरवलं आणि "वय जरा जास्तच हाय की" म्हणून निघून गेल्या. प्लायमाऊथ मात्र टेंभुर्णीपर्यंत नेली आणि परत आणली. धूर नाही, कुरकुर नाही, पुढची सीट दिवाणासारखी. इतका सरळपणा बघून माझा संशय बळावला आणि मी ईरम्माबाईंच्या दारातच गाडीखाली शिरलो. काही सापडलं नाही. सदरा तेवढा तेलात गेला.

शेवटी बाईंनाच खोदून विचारलं. तेव्हा म्हणाल्या, "वरातीतली पोरं बॉनेटवर चढून नाचत्यात. मागं गैबीसाबच्या गाडीवर नाचली, तर रडला वो तो मानूस." म्हणजे कट होताच, दाजी! फक्त आपल्याविरुद्ध नव्हता, समस्त वरातींविरुद्ध होता.

सबब, दोन्ही गाड्या आपल्या कामाच्या नाहीत. माउलीला घोड्यावर बसवा. घोड्याला बॉनेट नसतं.

आपला,
महेश्वर

ता. क. ईरम्माबाईंनी प्लायमाऊथ अखेर दिली. वरातीला नव्हे, मला. कायमची. "गाडीखाली शिरून बघनारा मानूस नीट सांभाळंल," म्हणाल्या.

आणखी ता. क. हिला अजून सांगितलेलं नाही. शेळ्यांच्या शेडात एका अंगाला गाडीपुरती जागा निघेल का? रविवारी घेऊन येतो. शेडाला कुलूप आहे ना? माउलीचे मित्र फार नाचरे आहेत, असं ऐकतो.