भरल्या ताटासमोर

रत्नागिरी, शुक्रवार, २६ डिसेंबर

चिरंजीव अजिंक्य यास आजीचा आशीर्वाद. मुंबईस सुखरूप असशील.

सगळ्यात आधी आला तो सुकमायाचा दीर. काखेत जिवंत कोंबडा! पडवीत उभा राहून विचारतो, "आजी, सुरी आहे?" म्हटलं, आधी चपला काढ मेल्या, मग सुरी माग. मागून सुकमाया पिठाचा डबा घेऊन. अरे हो, तुला सांगितलंच नाही. काल नाताळाचं जेवण आपल्याकडे झालं. पावसच्या बागेतली खोपी तू तिला आठ दिवसांत रिकामी करायला लावलीस, तेव्हापासून ती इथे शहरात खोली घेऊन राहते. मालक कोंबडं शिजवू देत नाही. बाजारात भेटली, डोळे खोल गेलेले. म्हटलं, माझी शेगडी काय पुजायला ठेवलीय? या.

घर कसं भरलं रे! तिने तांदळाच्या पिठाच्या कड्या तळल्यान, ताटलीएवढ्या, मध्ये भोक. नेपाळात सणाला करतात म्हणे. आपल्या वड्यांचे थोरले भाऊच. मी वडे केले, सोलकढी केली. दीर गोव्यात आचारी आहे. तीन पेले सोलकढी प्यायला आणि वर म्हणतो, मीठ कमी. खुळा.

दिवाळीचा कंदील अजून पडवीत होता, त्यातच दिवा लावला. सुकमायाच्या नवऱ्याने बांधलेला, दिलमानने. काढायला माझा हात गेला नव्हता.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर "बोल आजी लवकर" म्हणतोस. हे लवकर बोलायचं नाही, म्हणून चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहिते. माझे गुडघे बरे आहेत. पाच-सहा कलमांना मोहोर आलाय म्हणे.

तर, जेवायच्या आधी ते हात धरतात. गोल बसायचं, ताटं वाढलेली, वाफ येतेय, पण कोणी शिवायचं नाही. माझा एक हात सुकमायाच्या हातात, एक दिराच्या. वर्षात गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. तिने दिलमानचं नाव घेतलं आणि दिराने माझा हात सोडलान.

"त्याचं नाव नको. आईला शब्द दिला होता, बाटलीला शिवणार नाही. दारू पिऊन मेला."

तिकडे नेपाळात त्यांच्या आईने त्याचा फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवलाय.

सुकमाया रडली नाही. माझा हात घट्ट धरलान. "आजी, तू होतीस बागेत. तो प्यायला होता?"

अजिंक्य, भरल्या ताटासमोर मी आजवर खोटं बोलले नाही. तुझ्या आजोबांशी जन्मभर भांडले, पण ताट पुढ्यात असताना कधी नाही. वाफ विरली. रश्श्यावरचं तेल थिजलं. कोणी घास घेईना.

मग सांगितलं. भर दुपारी, तोंडाला साधं फडकं न देता तू त्याला कलमावर औषध फवारायला चढवलंस. उतरला तो ओकतच. तोंडाला फेस. मी म्हटलं, गाडी काढ. तू म्हणालास, वाईच थांब आजी, बरं वाटेल. दोन तास थांबलास. तो गेल्यावर त्याच्या शर्टावर दारूची बाटली ओतलीस, ती माझ्या गुडघ्यांना चोळायची. बागेतल्या घरच्या कपाटातून मीच काढून दिली. कशाला मागतोयस ते मला कळलं होतं. तरी दिली.

दीर उठला. मला वाटलं, आता मारतो. पण त्याने कंदिलाखाली जाऊन आईला फोन लावलान. त्यांची भाषा मला कळत नाही. पलीकडे म्हातारीने हंबरडा फोडला, तो कळला. मग येऊन बसला आणि थंड झालेलं सगळं जेवला. माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलान. सुकमायाने जेवताना दोनदा दिलमानचं नाव घेतलं. कोणी अडवलं नाही.

जाताना म्हणाले, "हेच पोलिसांपुढे सांगशील?" सांगेन म्हटलं. सही येते मला. बाटलीचंही सांगेन, सगळं तुझ्या एकट्यावर टाकणार नाही. आधी आलास तर दोघं जाऊ. वडे करीन तुला. नुसते वडे खाऊन परत जाणार असशील तर मात्र येऊ नको.

तुला या हातांनी न्हाऊ घातलेली,
आजी

ते न्यायला येणार आहेत. रविवारी, चार तारखेला, चर्च सुटल्यावर.