गाणं लागलं की बादली

इंदूर, सोमवार

तीर्थस्वरूप नानामामा यांस,

देवेंद्रचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे? मामींची साखर कशी आहे? (त्यांना विचारलं की त्या "बरी आहे" म्हणतात, म्हणून तुम्हाला विचारतो.) नगर निगमातून निवृत्त होऊन तुम्ही देवासला गेलात तेव्हापासून आईला भांडायला माणूस उरलेलं नाही, एवढं सोडलं तर आम्ही सगळे खुशाल आहोत. 'खुशाल' हा शब्द लिहिताना गेले कित्येक महिने माझा हात अडखळायचा. आज अडखळला नाही. का ते सांगतो, पण क्रमाने. नाहीतर मी शेवट आधी सांगून टाकतो आणि मग दिवसभर खुलासे करत बसतो, असं यामिनीचं म्हणणं आहे.

मधुरिमा दोन वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलत नव्हती, हे तुम्हाला माहीत आहेच. बोट दाखवायची, ओढत न्यायची, हसायची. बोलायची मात्र नाही. तुकोगंजातल्या डॉक्टरांनी कान तपासले, सगळं ठीक आहे म्हणाले, गाणी ऐकवा आणि चार मुलांत न्या म्हणाले. आता आमच्या घरात गाणं कुठून येणार? मोबाइल मुलीपासून लांब ठेवायचा हा यामिनीचा कायदा, आणि माझा आवाज तुम्ही लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी ऐकला आहेच. मग तुमचा फोन आला, की गाण्याचा क्लास लाव, पण पारखून लाव. मामा, 'पारखून' हा शब्द माझ्यासारख्याला सांगू नये. मी टूथब्रश घ्यायला गेलो तर दुकानदाराला मला बसायला स्टूल द्यावं लागतं. हा क्लास मी मुलीसाठी शोधतोय की माझी भीती घालवायला, या प्रश्नावर मी डायरीची पानं भरली. उत्तर सापडेना, तेव्हा स्कूटर काढली.

पहिला क्लास पलासियाला, कोचिंगवाल्यांच्या बिल्डिंगमध्ये, अगदी वरच्या मजल्यावर. यामिनीची शाळा असते म्हणून मी एकटाच मधूला घेऊन गेलो. शिकवणारे यशवर्धन सर वयाने आपल्या कॉलेजातल्या बंटीएवढे आणि उत्साहाने दुप्पट. तिथे मुलांबरोबर पालकांनाही ससा व्हावं लागतं. मी ससा झालो. समोर बघतो तर आमच्या ऑफिसचे मोठे साहेब नातवाला घेऊन बेडूक झालेले. (तेव्हापासून आम्ही एकमेकांना फायली शिपायाबरोबर पाठवतो.) सरांनी गिटार वाजवायला सुरुवात केली आणि आमची मधू शांतपणे उठली, कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली दोन्ही हातांनी उचलली आणि दारात जाऊन उभी राहिली. सगळे हसले. सरांनी दुसरं गाणं घेतलं, तर तिने परत येऊन त्यांचा खुळखुळा टोपलीत टाकला आणि पुन्हा दारात. मी माफी मागितली, पण खरं सांगू? मनातून फुशारलो. वाटलं, पोरगी बोलत नसली तरी गाणं पारखते, आणि हे कान थेट नानामामांचे. घरी येऊन आईला तसं सांगितलंसुद्धा. आई म्हणाली, "मग नानासारखी घोरतेही का बघ."

एवढ्या तयार कानांना साजेसा गुरू हवा म्हणून मी मल्हारगंजात दत्तोपंत बुवांकडे गेलो. गल्ली अशी, की समोरून हातगाडी आली तर स्कूटरने मागे मागे जात बाहेर यावं. बुवा इतकी लहान मुलं घेत नाहीत, पण मी मुलीच्या कानांचं वर्णनच असं केलं, की त्यांनी पेटी पुढे ओढली. त्यांनी सा लावला. मधू उठली, इकडेतिकडे बघितलं. टोपली कुठेच नाही. तेव्हा तिने बुवांचा पितळी पानाचा डबा पोटाशी धरला आणि सरळ उंबऱ्यावर. बुवांचा सा तिथेच थांबला. "ऐसा है देवेंद्रजी," ते म्हणाले, "आमच्या घराण्याचं गाणं लोकांना आवडत नाही हे मला माहितेय. पण उठून जाणारा माणूस निदान आपलंच सामान नेतो, भिया." डब्यातून सांडलेली सुपारी आम्ही तिघांनी मिळून गोळा केली.

त्या रविवारी सकाळी उलगडा झाला. मी पोहे खात यामिनीला मधूच्या अभिरुचीबद्दल समजावत होतो, इतक्यात लांबून कचरागाडीचं गाणं ऐकू आलं. पुढचं तुम्हाला काय सांगायचं? आयुष्यभर तुम्ही निगमात कचऱ्याचंच खातं सांभाळलंत. आई ओरडली, "आली आली!" यामिनी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन धावली, आई सुक्याची, आणि त्यांच्यामागून मधू, आपली खेळातली लाल बादली घेऊन. दारात पोचल्यावर यामिनीने मागे वळून मधूकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बादली हातात तशीच धरून पायरीवर बसून हसत सुटली. (एरवी त्या वेळी मी आंघोळीला असतो, त्यामुळे हा सोहळा माझ्या बघण्यात नव्हता.) जन्मापासून त्या पोरीने एकच गाणं ऐकलेलं. गाणं लागलं की घरातली मोठी माणसं बादल्या घेऊन दाराकडे पळतात, म्हणजे गाण्याचा अर्थच तो. दोन क्लासांत सगळ्यांना बसून राहिलेलं बघून तिला आमचीच काळजी वाटली असणार. तुमच्या कानांचा वारसा मी डायरीतून खोडला. राग मानू नका.

काल तिसरा क्लास बघितला. आमच्याच कॉलनीत मागच्या रस्त्यावर इंदुमतीबाई ओसरीवर मुलांना घेऊन बसतात. या वेळी यामिनीही होती. मी बाईंना बादलीची हकिगत आधीच सांगून ठेवली. (हे सांगावं की मुलीला आपलं आपण वागू द्यावं, यावर वाटेत आमचं थोडं वाजलं.) बाई गाऊ लागल्या, मधूने टोपली शोधली, दारात जाऊन उभी राहिली. मी मान खाली घातली. आणि तेवढ्यात वळणावरून खरी गाडी आली. मामा, बाईंचा सूर अर्ध्यावर तुटला. पेटीचा भाता उघडाच टाकून त्या आत पळाल्या. दोन आया चपला न घालताच घराकडे धावल्या, एक आजोबा "अरे रुक जा भिया, गीलावाला बाकी है" म्हणत फाटकाबाहेर. ओसरीवर आम्ही आणि चार गोंधळलेली पोरं उरलो. आणि दारात टोपली धरून उभ्या असलेल्या मधूने वळून आमच्याकडे बघितलं, वर्गात सगळ्यात आधी तयार असलेल्या माणसाच्या चेहऱ्याने, आणि मोठ्याने, स्वच्छ म्हणाली, "आली!"

यामिनीने माझा दंड धरला. मी म्हणालो, "हो, आली." मग मधू पुन्हा म्हणाली, मी पुन्हा म्हणालो, आणि बाई हात पुसत परत येईपर्यंत आमचं तेवढंच चाललं होतं. त्या बसल्या आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथून पुढे उचललं. तर मामा, क्लास ठरला. मी या वेळी डायरीसुद्धा काढली नाही.

मामींना नमस्कार. 

तुमचा
देवेंद्र

ता. क. मधूसाठी पेटी पाठवतो म्हणाला होतात, ती सध्या नको. एखादी झाकणाची बादली चालेल.

ता. क. खरं काम राहिलंच. इंदुमतीबाईंच्या रस्त्यावर पुढच्या महिन्यापासून गाडी लवकर येणार, असं कानावर आलंय. म्हणजे क्लास सुरू व्हायच्या आधीच ती निघून जाणार. निगमात अजून तुमचा शब्द चालतो. बाकी कुठल्याही कामासाठी मी तुम्हाला असं सांगितलं नसतं, आणि हे सांगणं योग्य की अयोग्य यावर सकाळपासून विचार करतोय. पण तो होईपर्यंत तुम्ही फोन करून टाका. गाडी क्लासच्या मध्येच यायला हवी.

ता. क. कागदावर डाग दिसेल. मी पाकीट शोधायला उठलो तेवढ्यात मधूने हे पत्र नेऊन बादलीत टाकलं. सुक्याच्या. यामिनी म्हणते, वाचूनच टाकलं असेल.