पहिल्या जानेवारीला जन्मलेली माणसं

ती. दादास,

सा. नमस्कार. तुझी मान आता कशी आहे? वहिनीने तुझी उशी बदलली असं आईकडून कळलं. (बदलायला हवी होती खुर्ची.) तुझ्या घरी मामा-मामींची तब्येत बरी असेल. इकडे सगळे बरे आहेत. मी सोडून, आणि त्याला कारण तू आहेस.

सोमवारी मला साहेबांना सांगायचं आहे, की मी कायमची डेटा इंजिनिअरिंगमध्ये राहणार की सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटमध्ये जाणार. एकदा सांगितलं की बदल नाही. यावर तू मागे जेवताना सगळ्यांसमोर निकाल दिलास, "डेव्हलपर स्वयंपाक करतो, डेटावाले भांडी घासतात. बघ बाई तुझं तू." (तेव्हा वहिनीने तुझ्याकडे कसं पाहिलं ते तुला दिसलं नाही. तुझं उष्टं ताट टेबलावर तसंच होतं.)

तर ऐक. पहिल्या जानेवारीला कंपनीने ग्राहकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या. यादी मी काढली होती. निम्म्याहून जास्त ग्राहक त्याच दिवशी जन्मले होते. हे शक्य नाही, असं मी लेखी कळवलं. यादीत आहे ना, मग पाठवा, असं उत्तर आलं. दुपारी एका निवृत्त दंतवैद्यांचा फोन माझ्याच टेबलावर आला. "माझा वाढदिवस बायको विसरते, ते मी सोसतो. तुम्ही चुकीचा लक्षात ठेवता, हे कशासाठी?" मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, तुमचा डेटा खराब आहे. जणू ती सगळी माणसं आम्हीच जन्माला घातली!

मी उलट माग काढत नोंदणीच्या फॉर्मपर्यंत पोहोचले. जन्मतारीख दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि रकान्यात पहिली जानेवारी आधीच भरलेली. घाईतला माणूस ती बदलेल कशाला? कोडमध्ये त्या ओळीशेजारी लिहिलंय, "तात्पुरतं, नंतर बदलू." खाली तुझं नाव. नंतर म्हणजे कधी, याचा उल्लेख नाही. अरे, स्वयंपाक्यानेच भाजीत खडे टाकले, तर भांडी घासणाऱ्याने काय करायचं? आणि बोलणी खायची तीही आम्हीच!

म्हणून माझं ठरलं. नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसणं मला जमणार नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये येते आहे, तुझ्याच टीममध्ये. यापुढे तुझा प्रत्येक फॉर्म आधी मी तपासेन.

तुझी,
धाकटी

ता. क. बदलीसाठी त्या टीममधल्या जुन्या माणसाची शिफारस लागते. जुना तूच आहेस. "मेहनती, स्वभावाने शांत" एवढं लिहिलंस तरी चालेल.

ता. क. २. शिफारस आधी पाठव, पत्र मग वाच.