कर्नलचा वैज्ञानिक आहार

सोमवार, ८ जानेवारी १९७९
साहेबांची बदली झाली. भंडाऱ्याला. तिथे बंगला मिळेपर्यंत त्यांचा अल्सेशियन कुत्रा कर्नल आपल्याकडे. ऑफिसात एवढे लोक असताना साखळी माझ्याच हातात दिली, यावरून काय ते समजावे. एप्रिलात हेडक्लार्कची जागा रिकामी होते आहे, आणि नाव साहेबच सुचवणार. शेजारच्या टेबलावरच्या देवाजीचे तोंड पाहण्यासारखे झाले होते.
साहेब म्हणाले, आनंदराव, याच्या खाण्याचं तेवढं नीट बघा. मी म्हणालो, सर, निर्धास्त जा.
कुत्र्याला ओल्या पोत्यासारखा वास येतो. होईल सवय. मला किंवा त्याला.

मंगळवार, ९ जानेवारी
सकाळीच प्रेमिलाने रात्रीची भाकर वरणात कुस्करून कर्नलपुढे ठेवली. मी ताबडतोब उचलली. ती म्हणाली, काहून उचलली, चांगला खाऊन राहिला होता ना तो! बायकोला पौष्टिकता समजावणे सोपे नाही. लायब्ररीतून इंग्रजी पुस्तक आणले. त्यात प्रथिने, चरबी, खनिजे, सगळे आहे.
संकल्प: उद्यापासून शिळे, तिखट, तळलेले, गोड बंद. (कर्नलचे.)

गुरुवार, ११ जानेवारी
इतवारीच्या बाजारातून उत्तम दलिया आणला. दाणा दाणा पाहून घेतला. दुकानदाराने विचारले, घरात कोणी बिमार आहे का? पैसे दिले आणि निघालो.
मग मटणाच्या दुकानातून कलेजी आणि वजडी, म्हणजे बकऱ्याचे पोट. ती वजडी! ओल्या टॉवेलसारखी लोंबत होती, वर माश्या. दुकानदाराने हाताने उचलून झटकली, थेंब माझ्या चष्म्यावर. घरी प्रेमिलाने पातेले द्यायला साफ नकार दिला. जुन्या डब्यात शिजवले. करडा फेस आला. वास पडद्यांत बसला आहे.
कर्नलने हुंगले, माझ्याकडे पाहिले आणि खाटेखाली गेला. पुस्तकात लिहिलेच आहे, नव्या आहाराला वेळ द्यावा.

सोमवार, १५ जानेवारी, सकाळी
कॉडलिव्हर ऑइल. एक चमचा कर्नलला, असे ठरले होते. कर्नलने मान झटकली. सगळे माझ्या शर्टावर. दुसरा इस्त्रीचा नव्हता.
सायंकाळी: देवाजी दिवसभर खिडकी उघडून बसला. थंडीत. अत्यंत हलका माणूस.

शनिवार, २० जानेवारी
लिहायलाही शिसारी येते. पहाटे फिरायला नेले होते. कोपऱ्यावर एका म्हशीने नुकतेच शेण टाकलेले. वाफ निघत होती. कर्नलने खाल्ले! मी साखळी ओढतो आहे आणि तो पेढा खाल्ल्यासारखा खातो आहे! वर माझा हात चाटला. कोपरापर्यंत कार्बोलिक साबणाने धुतला, तरी चहाचा कप त्या हाताने उचलवेना.
ज्याला तासभर शिजवलेली कलेजी चालत नाही, त्याला हे चालते. उच्च जातीच्या कुत्र्याची ही अभिरुची. देशाचे काय होणार!

बुधवार, २४ जानेवारी
एक चमत्कार नोंदवून ठेवतो. कर्नल माझ्या ताटलीला तोंड लावत नाही, तरी भरला आहे. बरगड्या दिसत नाहीत. पुस्तकाशी ताडून पाहिले. निष्कर्ष: आहार दर्जेदार असला की एखादा घासही पुरतो. मी नसताना तेवढे खात असावा.
घरातले ज्वारीचे पीठ मात्र या महिन्यात लवकर संपले. चक्कीवाला माप मारतो. प्रेमिलाला म्हणालो, चक्की बदल. तर ती तोंडाला पदर लावून आत गेली. खोकला असेल.

सोमवार, २९ जानेवारी
सदर बाजारातून खास कुत्र्यांची बिस्किटे आणली. हाडाच्या आकाराची. कर्नलने एक तोंडात धरून अंगणात पुरले. बाकीची डब्यात ठेवली.
आज कुहीहून बापूजी आले. म्हणजे सासरे. धानाची कामे आटोपली, आता मुक्काम आहे.

मंगळवार, ३० जानेवारी
ऑफिसातून आलो तर बापूजी चहात बुडवून तीच बिस्किटे खात बसलेले! डबा अर्धा. आता सांगावे की नाही? शेवटी चाचरत सांगितले, बापूजी, ते कर्नलसाठी... तर म्हणाले, मले माहीत आहे जवाईबुवा, डब्यावर कुत्र्याचं चित्र आहे ना! चांगली आहेत. जराशी मिठाची कमी आहे. आणि आणखी दोन घेतली.
प्रेमिलाला तक्रार केली. ती म्हणाली, या घरात कोणी तरी तुमचं खाऊन राहिलं, त्यातच खुशी माना.
मी रात्री जेवलो नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी
कर्नलला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी दात पाहिले, पोट दाबले, म्हणाले, एकदम फर्स्टक्लास! केस बघा कसे चमकतात. जे देता तेच चालू ठेवा. मी आहाराचा तक्ता तोंडपाठ म्हणून दाखवला. नमुना नेला होता, डबा उघडला. डॉक्टर म्हणाले, झाकण लावा.
विज्ञानाचा विजय. घरी सांगितले तर बापूजी आणि प्रेमिला एकमेकांकडे पाहत बसले. कौतुक करता येणे हाही एक गुण असतो, तो यांच्याकडे नाही.
भंडाऱ्याहून साहेबांचे पत्र आले होते, आज उत्तर टाकले. साहेब रविवारी कर्नलला न्यायला येणार. जेवायलाच बोलावले आहे. हेडक्लार्क आनंदराव मेश्राम. वाचायला बरे वाटते.

रविवार, १८ फेब्रुवारी
साहेब आले, मॅडम आल्या, ड्रायव्हर आला. प्रेमिलाने मटणाचा रस्सा आणि भाकरी केल्या होत्या. साहेब कर्नलला पाहून थक्क झाले. विचारले, काय देता याला? मी उभा राहून प्रथिनांपासून सुरुवात केली. साहेब म्हणाले, दाखवा ना खाताना.
ताटली आणली. सकाळचाच कलेजी-दलिया, वर ऑइल. मॅडमनी नाकाला रुमाल लावला. कर्नलने हुंगले. मग पाठ फिरवली आणि मागच्या पायांनी फरशी खरवडू लागला, घाणीवर माती लोटतात तशी. सगळ्यांसमोर. साहेबांच्या पँटवर दलिया उडाला.
तेवढ्यात आतून प्रेमिलाची हाक आली, ये गा कर्नल! हा शेपूट हलवत धावला. पितळेच्या परातीत भाकर आणि रस्सा. परात फरशीवर सरकत गेली तरी चाटत होता. बापूजी शेजारी बसून म्हणाले, रोजचंच आहे साहेब, आमचं आणि त्याचं एकच ताट.
साहेब पोट धरून हसले. मीही हसलो. हसावे लागते.
जेवताना साहेब म्हणाले, कर्नल इथेच राहू द्या. त्याला घर मिळालं. आणि मॅडमनाही त्याच्या केसांचा त्रास होतो. मी म्हणालो, सर, आणि ती जागा? म्हणाले, तिथे देवाजीचं नाव पाठवलं कालच. तुमच्यावर आता कर्नलची जबाबदारी, वर ऑफिसची आणखी कशाला?
गाडी गेली. मी जेवायला बसलो तर पातेले कोरडे. पाहुण्यांनी दोनदा रस्सा घेतला, बापूजींनी घेतला, परातीतले कर्नलने संपवले. भाकरही नाही. प्रेमिला म्हणाली, थांबा, भात टाकते. मी म्हणालो, गरज नाही. घरात सकस अन्न तयार आहे.
डब्यात उरलेला कलेजी-दलिया होता. गार झालेला, वर तुपासारखा थर. घास तोंडात फिरत राहिला. खाली जाईना.
कर्नल उंबऱ्यावर बसून माझ्याकडे पाहत होता. थोड्या वेळाने उठून बाहेर गेला.
प्रेमिलाने विचारले, कसं आहे?
म्हणालो, पौष्टिक.