जंगलवाटेची सायकल

हिंगणी, नोव्हेंबर १९८१

सदाशिवराव यांस,

सहा वर्षांपूर्वी देवळीत तुम्ही माझी सायकल विहिरीत टाकली. "जंगलातून एकटी फिरते, तिले संसार नाई जमत," असं चार माणसांत म्हणालात आणि काडीमोड घेतलात. मी नर्स होते. जंगलातल्या गावांना मी दुसऱ्या कशानं जाणार होते?

श्रावणात तसल्याच एका गावातून बोलावणं आलं. माहेरी आलेली पोरगी दोन दिवसांपासून अडली होती. चिखलात सायकल खांद्यावर घेऊन पोचले. नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिच्या आईनं तुमचं सांगितलं. माझे हात क्षणभर थांबले, हे कबूल करते. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

नंतर त्या पोरीला, प्रमिलाला, मी कोण ते सांगितलं. तिनं लेकीला आईच्या मांडीवर दिलं. मग म्हणाली, "बाई, मले सायकल शिकवता का?"

आता थंडी पडू लागली आहे. रोज सकाळी सागाच्या पिवळ्या पानांवरून ती घसरते, पडते, पुन्हा बसते. परवा जंगलातला अख्खा उतार न थांबता उतरली.

सोमवारी तुम्ही तिला न्यायला याल. हे पत्र मी टाकणार नाही, वाचलंत तर तयारीनं याल. एस.टी.तून उतराल तेव्हा ती सायकलवरून समोर येईल, आणि तुमच्यासोबत यायचं की नाही ते तीच सांगेल. तेव्हाचं तुमचं तोंड मला बघायचं आहे. म्हणून मी तिच्या मागच्याच सायकलवर असेन.

तुम्ही नांदू न दिलेली,
मनकर्णा