चपलांपाशी

बाबा, आईला इकडे परदेशात माझ्याकडे घेऊन आलो. आत्ता ती पोरिरुआच्या आमच्या स्वयंपाकघरात, हीटरच्या पुढ्यात खुर्ची ओढून मेथी निवडत बसली आहे. अंगावर दोन स्वेटर, पायांत मोजे आणि मोज्यांवर नातीने दिलेल्या जँडल्स. जँडल्स म्हणजे आपल्या साध्या रबरी स्लिपर, इकडे त्यांना असं म्हणतात एवढंच. "आजी, नॉट विथ सॉक्स!" म्हणून नात ओरडते आणि आई शांतपणे पुढची जुडी सोडते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या मुलीला तुम्ही फक्त भिंतीवरचे माहीत आहात. खरं तर मी तुमची तक्रार तुमच्याकडेच करायची, असं मनाशी फार दिवस घोकत होतो. आज लिहायला बसलो, तर माझ्याकडे ती तक्रार करायचं तोंडच राहिलेलं नाही.

येताना आम्ही बँकॉकला थांबलो. आई पुण्याहून आली, मी, बायको आणि मुलगी इकडून गेलो. तिथले राजवाडे आणि राजघराण्यातल्या लोकांची जुनी लाकडी घरं बघायची, ही कल्पना माझी. आईला एकदा तरी राजवाडा आतून दाखवायचाच, असं मी कधीचं ठरवलं होतं. तुम्हाला आठवत असेलच. तुमच्या पोस्टातल्या नोकरीची एलटीसी, म्हणजे प्रवासाची सवलत, मंजूर झाली की तुम्ही आम्हाला घेऊन निघायचात, आणि तुम्हाला वेड राजवाड्यांचं. दारात चपला काढायच्या, पिशव्यांचा ढीग करायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "तू बस गं चपलांपाशी." कधीतरी एका देवळाबाहेरून तुमच्या नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपला गेल्या होत्या, तेव्हापासूनची ही व्यवस्था. आई बसायची. डोक्यावर पदर घेऊन, सगळ्यांचे जोड नीट ओळीत लावून, उन्हात. पाळीपाळीने आत जाता येतं हे तुम्हाला सुचलं नाही, आम्हा पोरांना सुचलं नाही आणि तिलाही नाही. मोठा झाल्यावर मला सुचलं, तेव्हा तुम्ही नव्हतात. मग मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात तुमच्यावर चिडत राहिलो. फुकटचा राग, उलट उत्तर द्यायला कोणी नाही!

पण तुम्ही बाहेर आल्यावर काय करायचात, ते मी त्या रागात सोयीस्करपणे विसरलो होतो. तुम्ही पायरीवर तिच्याशेजारी बसायचात आणि सगळा राजवाडा तिला सांगायचात. आम्ही भुकेने कावलेले, "चला ना बाबा" करतोय, आणि तुमचं आपलं दालनामागून दालन चाललंय. एका जुन्या संस्थानाच्या राजवाड्यात झोपाळा होता. साधाच, जरा मोठा, कड्या काळ्या पडलेल्या. तुम्ही बाहेर येऊन आईला सांगताय, "अगं, कड्यांवर चांदीचे पोपट बसवलेत. झोका गेला की शीळ घालतात." आई हरखून ऐकतेय. मी मध्येच म्हणालो, "बाबा, पोपट कुठे होते?" तुम्ही माझ्याकडे असं काही पाहिलंत की मी अजून ती नजर विसरलेलो नाही. "तुला दिसले नसतील," म्हणालात, आणि गाडी सुटेपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. खोटं तुम्ही बोललात आणि अबोला माझ्याशी, हे काही मला पटलं नाही.

बँकॉकचा पहिला दिवस झकास गेला. थोरल्या राजवाड्याच्या आवारात चपला घालूनच हिंडायचं होतं, त्यामुळे आई सगळीकडे आमच्याबरोबर. तिथल्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलेलं. "अरे, मारुती बघ, पांढराशुभ्र! ह्यांना कुणी सांगितलं असा?" म्हणत ती थायलंडवर थोडी रागावलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका सागवानी घरापाशी गेलो. पायऱ्यांशी चपला काढायच्या होत्या. मी बुटाची नाडी सोडतोय तोवर आई शेजारच्या बाकावर बसलीसुद्धा. "तुम्ही या जाऊन. मी बसते चपलांपाशी."

आणि बाबा, मी "बरं" म्हणालो.

मुलीने विचारलं, "व्हाय इजन्ट आजी कमिंग?" मी म्हटलं, "तिला बसायला आवडतं." हे वाक्य तुमचं. ते माझ्या तोंडात इतकं आयतं कसं आलं, कोण जाणे.

बाहेर आलो तेव्हा आमचे तिन्ही जोड ओळीत लावलेले होते. आईने मान वर करून विचारलं, "काय काय होतं रे आत?" अगदी तुम्हाला विचारायची तसंच. मी फोन तिच्या हातात दिला. "सगळे फोटो काढलेत, बघ." आणि टॅक्सी बघायला रस्त्याकडे गेलो. ती चष्मा वरखाली करत, बोटाने फोटो सरकवत राहिली. मुलगी तिच्याजवळ बसून "आजी, एक ह्यूज बेड होता, आणि फ्लोअर सो शायनी" असं तिच्या परीने सांगत होती. टॅक्सीत आईने फोन परत दिला. "छान आहेत. जरा बारीक दिसतात," एवढंच म्हणाली. त्या क्षणी मला माझी भयंकर लाज वाटली. तुम्ही तिला बाहेर बसवलंत, पण निदान बाहेर येऊन तिच्यापाशी बसलात तरी.

दुपारच्या दुसऱ्या लाकडी घरी मी बूट काढून हट्टाने चपलांपाशी बसलो आणि तिला बायको-मुलीबरोबर आत ढकललं. जाताना ती मागे वळून पाहत होती, चपला सोडून जायची सवय नव्हती ना! तिथे ठेवलेल्या चपलांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. दारावरच्या बाई मला हसल्या आणि हातानेच 'जा, जा' म्हणाल्या. मी आपला बसून राहिलो. आई लवकरच आली आणि बाकावर टेकली.

"काय काय होतं?" मी विचारलं.

"छान आहे. लाकूडच लाकूड. आरसे आहेत, पलंग आहे." मग म्हणाली, "पण ह्यांनी सांगितलेले राजवाडे मोठे होते."

मी हसलो. ती नाही हसली.

"अरे, ते पोपट खरंच होते का रे? झोपाळ्यावरचे?"

"होते की."

"तेव्हा तर नव्हते म्हणालास."

"मला दिसले नसतील," मी म्हणालो.

मग वाकून तिने माझे बूट माझ्या पायांपाशी सरकवले. पुढे तिने पोपटांचा विषय काढला नाही, मीही नाही.

हे पत्र मी तिला दाखवणार नाही. तुम्हाला पाठवायची तर सोयच नाही. तेव्हा राहिलेलं एक सांगून टाकतो, जे बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या सकाळच्या घरात, वरच्या मजल्यावर असताना, मला खिडकीतून खाली आई दिसली होती. बाकावरची सावली सरकली होती आणि ती उन्हात बसून नातीच्या जँडल्स एकमेकींवर आपटून माती झाडत होती. खाली जावं, तिला वर पाठवावं, हे मला सुचलं होतं बाबा, अगदी स्वच्छ सुचलं होतं. पण आत मस्त गारवा होता, आणि अजून बऱ्याच खोल्या बघायच्या राहिल्या होत्या. मी खिडकीपासून बाजूला झालो.

तुम्हालाही ती अशीच कुठल्यातरी खिडकीतून दिसत असणार. नाहीतर ते पोपट आले कुठून?